गाडी पास झाली हे सगळेच सांगतात, नापास कशात झाली ते इथे वाचायला मिळतं

इंग्लंडमध्ये, लेस्टरला येऊन साडेचार वर्षं झाली तोवर मी सगळं बसवर भागवलं. वॉर्डवरची सकाळची पाळी साडेसातला सुरू होते आणि रविवारी आमच्या भागातून तेवढ्या लवकर बस नसते. म्हणजे टॅक्सी. २०२४ च्या जानेवारीत टॅक्सीचे महिन्याचे पैसे कागदावर मांडले आणि त्याच रात्री ठरवलं, जुनी तर जुनी, पण गाडी घ्यायची. साडेचार हजार पौंडांच्या आत बसली पाहिजे, एवढी एकच अट.

गाड्यांमधलं मला काही कळत नाही. कळतं ते बाबांना. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या आगारात गेली, हेल्पर म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. पण बाबा साताऱ्यात आणि गाडी लेस्टरमध्ये. त्यांना इथल्या गाडीच्या पोटात डोकावता येईल असं काही सापडेल ही अपेक्षाच नव्हती. सापडलं ते असं, की आता ओळखीतलं कुणी सेकंडहँड गाडी घ्यायला निघालं की मी पहिलं तेच सांगते: ब्रिटिश सरकारची ‘एमओटी हिस्टरी’ सेवा, म्हणजे गाडीच्या दर वर्षीच्या तपासणीच्या जुन्या नोंदी. फुकट आहे. दोन वर्षं वापरतेय, तेव्हा आता नीट लिहायला हरकत नाही.

वापरायला काही शिकावं लागत नाही. गव्ह डॉट यूके ह्या सरकारी संकेतस्थळावर जायचं आणि नंबरप्लेटवरचा नंबर टाकायचा. नाव विचारत नाहीत, खातं उघडायला लावत नाहीत, ओटीपी नाही. गाडी तुमची असायचीही गरज नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीचा नंबर टाका, तिच्या आजवरच्या सगळ्या चाचण्या समोर येतात. तारीख, पास की नापास, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, परीक्षकानं काय शेरे मारले. कंपनीनं सुरक्षेच्या कारणावरून गाडी परत बोलावली असेल आणि ते काम राहून गेलं असेल तर तेही दिसतं. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या गाड्यांची नोंद २००५ पासूनची आहे, उत्तर आयर्लंडची २०१७ पासूनची. मालकाचं नाव मात्र कुठेच नसतं, आणि ते तसंच असायला हवं.

भारतातून नुकतं आलेल्यांसाठी थोडं एमओटीबद्दल. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची आद्याक्षरं म्हणजे एमओटी. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी ही चाचणी करून घ्यावी लागते, उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनंतर. इकडे इंग्लंडमध्ये करतात खासगी गॅरेजवालेच, पण सरकारमान्य. निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण दिसले की ओळखायचं. मोटारीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात. १९६० साली सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांवरच्या गाड्यांनाच होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच बघायचे. त्यात इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी दहाची मर्यादा सातवर आणली आणि १९६७ मध्ये तीनवर. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो. किती गाड्या नापास होतात हा आकडा समोर आला आणि त्यावरून नियम बदलला.

मे २०१८ पासून दोषांचे प्रकार ठरवून दिलेले आहेत. ‘डेंजरस’ आणि ‘मेजर’ असले तर गाडी नापास. ‘मायनर’ असला तर पास, पण दुरुस्त करा. आणि चौथी ती ‘अ‍ॅडव्हायझरी’: आज पास आहे, पण ह्याच्यावर लक्ष ठेवा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानं सगळ्यात सावकाश वाचायच्या त्या ह्या अ‍ॅडव्हायझरी. हे मला बाबांनी शिकवलं.

पहिली गाडी मी रिंगरोडजवळच्या एका विक्रेत्याकडे पाहिली. चंदेरी, पाच दारांची, ‘१६’ पाटीची, म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१६ मध्ये नोंदलेली. धुऊन पुसून लखलखीत, आत लिंबाचा वास. विक्रेत्याचं पहिलंच वाक्य होतं, पूर्ण बारा महिन्यांची एमओटी आहे, गेल्याच आठवड्यात करून घेतली, एकही शेरा नाही. कागद दाखवला. खरंच एकही शेरा नव्हता. मला तर तिथेच हो म्हणावंसं वाटलं होतं.

मग वाऱ्यात उभी राहून फोनवर नंबर टाकला. सगळ्यात जुनी नोंद तळाशी असते म्हणून खालून वर वाचत गेले. एप्रिल २०१९, पास. त्यानंतरची नोंद थेट ऑक्टोबर २०२०. मधे दीड वर्ष काहीच नाही. मला वाटलं मालकानं एक चाचणी बुडवली. पण तसं नव्हतं. लॉकडाउनमध्ये, ३० मार्च ते ३१ जुलै २०२० ह्या काळात ज्यांची मुदत संपत होती, त्या गाड्यांना सहा महिने वाढवून दिले होते. त्या वर्षाची अशी मोकळी जागा दिसली तर कुणी घाबरू नका.

ऑक्टोबर २०२१: पास, एक अ‍ॅडव्हायझरी. नीअरसाइड फ्रंट टायर, कड झिजलेली. ऑक्टोबर २०२२: पास. पुन्हा नीअरसाइड फ्रंट टायर, आणि जोडीला ब्रेकचा पाइप गंजलेला. ऑक्टोबर २०२३: पास. नीअरसाइड फ्रंट टायर, खालच्या सस्पेन्शन आर्मचा बुश (जोडातलं रबर) झिजलेला, ब्रेकचा पाइप गंजलेला. आणि सगळ्यात वर, फेब्रुवारी २०२४: पास, शेरे काही नाहीत.

दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे साडेआठ. बाबांचं जेवण झालेलं असतं. व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक ओळ वाचून दाखवली.

“नीअरसाइड म्हणजे कुठली?” बाबांनी विचारलं.

“फुटपाथकडची. डावी.”

“क्लीनर साइड. बरं. तीन वर्षं तोच टायर?”

“हो बाबा, तिन्ही वेळा तेच लिहिलंय.”

“तोच टायर नसणार बाळा, तो एव्हाना संपला असता. टायर बदललेत. टायर खाणारं कारण बदललेलं नाही. बुश गेलाय म्हणून चाक तिरकं चालतंय आणि टायर एका कडेनं खातंय. आता नवा टायर टाकून पास करून घेतली असेल. ते सोड, आधी पाइपचं विचार. बदलला असेल तर पावती असेल. पाइप काय आपोआप बरा होत नाही.”

मी विचारलं. विक्रेता म्हणाला, गाडी पास झालीय म्हणजे सगळं आलं त्यात. पावती नव्हती. बुशबद्दल विचारलं तर म्हणाला, ते शेरे नुसते सांगण्यापुरते असतात. मी आभार मानले आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिले. पाय थरथरत होते, कारण थोड्या वेळापूर्वी मी त्या गाडीला हो म्हणणार होते. ब्रेकचा पाइप! दर रविवारी पहाटे, ओल्या रस्त्यावर, मी त्या पाइपवर विसंबून घराबाहेर पडले असते.

बाबांना एकच कोडं होतं, सात-आठ वर्षांच्या गाडीचा पाइप गंजतोच कसा. मी सांगितलं, इथे थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. लगेच म्हणाले, “म्हणजे कोकणातल्या गाड्यांसारखं.” मालवण-रत्नागिरीकडच्या गाड्या खाऱ्या हवेनं खालून कशा खाल्लेल्या असायच्या आणि वरून रंग कसा ठणठणीत दिसायचा, हे मग बराच वेळ सांगत होते. आगारात गाडी ब्रेकडाउन होऊन आली की बाबा आधी बॉनेट उघडायचे नाहीत, रजिस्टर उघडायचे. ड्रायव्हरनं मागच्या फेऱ्यांना काय काय लिहिलंय ते बघायचे. एकच तक्रार तीनदा लिहिलेली दिसली की समजायचं, ती कुणी मनावर घेतलेली नाही. लेस्टरच्या रिंगरोडवर उभं राहून मी वाचलं ते तसलंच रजिस्टर होतं.

दुसरी गाडी लफबरोजवळच्या एका खेड्यात, घरगुती विक्री. निळी, ‘६५’ पाटीची, नोव्हेंबर २०१५ ची, म्हणजे पहिलीपेक्षा जुनी. बंपरवर ओरखडा. ह्या वेळी घरूनच नंबर टाकला आणि पहिल्या नजरेला जीव खाली गेला. दोनदा नापास! नोव्हेंबर २०२० मध्ये मागच्या नीअरसाइडची कॉइल स्प्रिंग तुटलेली, मेजर. नोव्हेंबर २०२२ मध्ये एक ब्रेकलाइट बंद आणि वायपरचं रबर गेलेलं. मी ती यादीतून काढूनच टाकणार होते.

बाबांनी थांबवलं. म्हणाले, नापास झाल्यानंतरची तारीख वाच. स्प्रिंगची दुसऱ्या दिवसाची होती, पास. ब्रेकलाइटची त्याच दिवसाची, पास. २०२१ ला पुढच्या ब्रेक डिस्क झिजल्याची अ‍ॅडव्हायझरी होती. २०२२ ला ती नव्हती आणि नंतरही परत आली नाही. मैल दर वर्षी साधारण पाच हजारांनी वाढलेले, कुठे उडी नाही, कुठे घट नाही. “हा माणूस सांगितलेलं करतो,” बाबा म्हणाले. “ही बघायला जा.”

गेले. निवृत्त शिक्षक होते. मी स्प्रिंगचं विचारायच्या आतच त्यांनी प्लास्टिकची फाइल पुढे केली. स्प्रिंगची पावती, डिस्कची पावती, बॅटरीची पावती. तारखा फोनवरच्या पानाशी ताडून पाहिल्या, तंतोतंत जुळल्या. ३,९०० पौंडांना घेतली. आजपर्यंत रस्त्यात एकदाही थांबली नाही.

पहिली गाडी एकदाही नापास झाली नव्हती. दुसरी दोनदा झाली होती. नुसतं ताजं सर्टिफिकेट बघून ठरवलं असतं तर मी उलटं ठरवलं असतं.

आता ह्या पानावर काय मिळत नाही तेही सांगते, कारण काही जण ह्यालाच सर्वस्व मानतात. एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स ह्यांची प्रकृती तपासत नाहीत. परीक्षक कुठलाही भाग खोलून बघत नाही, झाकणाखालचा टायमिंग बेल्ट त्याला दिसतच नाही. आणि जे दिसतं तेही चाचणीच्या त्या एका दिवसाचं. गाडीवर कर्ज आहे का, अपघातात विमा कंपनीनं ती निकालात काढली होती का, हे इथे कळत नाही. त्यासाठी पैसे भरून वेगळी तपासणी करावी लागते, ती मी केली. चाचणी कुठल्या गॅरेजात झाली हे बघायला गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, अकरा आकडी क्रमांक लागतो, आणि लॉगबुक विकणाऱ्याकडे असतं. त्याला सरळ विचारा. घरगुती विकणारा मनापासून विकत असेल तर दाखवतो. मैलांची घट दिसली तर लगेच मीटर मागे फिरवला असंही धरू नका, परीक्षकाच्या हातून आकडा चुकीचा पडलेला असू शकतो. पुढच्या दोन-तीन वर्षांचे आकडे बघितले की कळतं.

इथवरचं सगळं झालं एका गाडीबद्दल. मला खरी कळकळ आहे ती पुढच्या गोष्टीची. एखादं मॉडेल घेऊ का असा प्रश्न पडतो तेव्हा गाडी अजून समोर नसते, नंबर नसतो. त्या वेळी जाणून घ्यायचं असतं की ह्या मॉडेलच्या आठ वर्षांच्या गाड्या शंभरातल्या किती नापास होतात आणि कशात होतात.

हा आकडा लोकांना सहज मिळालेला नाही. चाचण्यांची नोंद संगणकावर जायला लागल्यावर बीबीसीनं माहिती अधिकाराखाली मॉडेलनिहाय नापासाचं प्रमाण मागितलं. तेव्हा हे काम ‘वोसा’ नावाच्या सरकारी संस्थेकडे होतं. तिनं व्यापारी हिताचं कारण पुढे करून नकार दिला. प्रकरण माहिती आयुक्तांकडे गेलं, त्यांनी माहिती द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०१० मध्ये ती बाहेर आली. आली ती हजाराहून जास्त पानांच्या पीडीएफच्या रूपात. लोकांनी भरलेल्या फीमधून, लोकांच्याच गाड्या तपासून गोळा झालेली माहिती लोकांपासून झाकायची, आणि ती कंपन्यांच्या हितासाठी, हे कारण मला आजही पटत नाही. ब्रेकच्या बाबतीत तर अजिबात नाही.

त्याच वर्षी पुढे सगळ्या चाचण्यांचा कच्चा डेटा खुला झाला. २०१४ पासून काम बघणारी डीव्हीएसए ही संस्था तो आजही देते. प्रत्येक चाचणीची एक ओळ. नंबरप्लेट काढलेली, पण मेक, मॉडेल, गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली ती तारीख, इंधन, मैल, निकाल आणि पोस्टकोडची पहिली अक्षरं त्यात असतात. नापासाची कारणं वेगळ्या फाइलमध्ये. उत्तम. पण माझ्यासारखीनं ते वाचायचं कसं? एका वर्षाच्या फाइलमध्ये काही कोटी ओळी. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्याच्यापुढचं दिसतच नाही.

माझा भाचा इथे एमएससी करतो. एका शनिवारी त्याला पुरणपोळीचं जेवण कबूल केलं आणि माझ्या गाडीच्या मॉडेलचा आकडा काढायला बसवलं. संध्याकाळी म्हणाला, “मावशी, तुझी गाडी एकदम भारी आहे, फारच कमी नापास होतात.” जेवताना त्याच्या मनात काहीतरी आलं म्हणून परत बघायला गेला आणि चूक सापडली. निकालाच्या रकान्यात पास आणि नापास असे दोनच प्रकार नसतात. ‘पीआरएस’ असाही एक असतो: दोष सापडला, पण तासाभरात तिथल्या तिथे दुरुस्त करून गाडी पास केली. बंद बल्ब बदलला, वायपर बदलला. त्यानं ह्या सगळ्या पासमध्ये धरल्या होत्या. पण गाडी गॅरेजात आली तेव्हा सदोषच होती. त्या नापासात धरल्यावर प्रमाण बरंच चढलं. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलाची ही गत, तर वॉर्डवरच्या माझ्या मैत्रिणींनी काय करायचं?

डीव्हीएसए स्वतःचे जे एकत्रित तक्ते काढते त्यात हा फरक सांभाळलेला असतो, पहिल्या फटक्यात नापास वेगळे आणि शेवटी नापास राहिलेले वेगळे. अलीकडच्या वर्षांत पहिल्या फटक्यात दहातल्या साधारण तीन मोटारी नापास होतात. दिवे हे मोठं कारण, मग सस्पेन्शन, ब्रेक, टायर. पण ते सगळ्या मोटारींचं मिळून. माझ्या मॉडेलचं, माझ्या वर्षाचं तिथे सापडत नाही.

आणि आकडा मिळाला तरी जपून वाचावा लागतो, हे त्या शनिवारी कळलं. जी मॉडेलं टॅक्सीला जास्त चालतात त्यांचे मैल प्रचंड, म्हणून नापासही जास्त; त्यात बनवणाऱ्याचा दोष किती आणि मैलांचा किती हे वेगळं काढावं लागतं. बल्ब गेलेली गाडी नापास आणि ब्रेक गेलेली गाडीही नापास, मोजताना दोघी सारख्याच. मे २०१८ मध्ये दोषांची वर्गवारी बदलली, तेव्हा त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून आकडा देऊच नये, असं ह्यावर कुणी म्हणेल. मला वाटतं, म्हणूनच तो नीट समजावून द्यायला हवा. आम्ही पेशंटला रिपोर्ट देतो तेव्हा आकड्याशेजारी नेहमीची मर्यादा छापलेली असते. रिपोर्ट कळणार नाही म्हणून तो पेशंटपासून लपवत नाही.

जर्मनीत टीयूव्ही ही गाड्या तपासणारी संस्था दर वर्षी अहवाल काढते. तिथली चाचणी पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. त्या अहवालात गाड्यांचे वयानुसार गट पाडतात आणि प्रत्येक मॉडेलमध्ये गंभीर दोष किती टक्के निघाले ते सांगतात. तो मासिकासारखा विकत मिळतो. जर्मन येत नसलं तरी तक्ता कळतो. ब्रिटनकडे डेटा एवढा खुला, एवढा बारीक असताना हे कामच तेवढं राहिलंय.

म्हणून ह्या सेवेला द्यायच्या पाच ताऱ्यांमधला एक मी राखून ठेवलाय. माझी मागणी फार नाही. ज्या पानावर एका गाडीचा सगळा इतिहास दाखवता, त्याच पानावर एक ओळ टाका: ह्या मॉडेलच्या, एवढ्याच वयाच्या आणि साधारण एवढ्याच मैलांच्या गाड्यांपैकी शंभरात इतक्या पहिल्या फटक्यात नापास होतात, आणि मुख्य कारणं ही. डेटा त्यांच्याच घरात आहे.

गेल्या दिवाळीत धाकट्या भावानं पुण्याहून सात वर्षांची गाडी घ्यायचं काढलं. फोन आला, “ताई, ॲपवर सगळं क्लिअर आहे.” एमपरिवहनचा स्क्रीनशॉट पाठवला. नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, फिटनेस कधीपर्यंत. फिटनेसची तारीख बघून तो निश्चिंत होता. मी म्हटलं, अरे, ती तारीख गाडी नवी असताना मिळालेल्या पंधरा वर्षांची आहे. खासगी मोटारीला आपल्याकडे पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस तपासून घ्यावा लागतो, मग दर पाच वर्षांनी. तोवर पीयूसीवाला धूर मोजतो, ब्रेक कुणी बघत नाही. त्या पडद्यावर दिसतात त्या सगळ्या तारखाच आहेत. त्यांनी गाडीबद्दल काही कळत नाही.

व्यावसायिक गाड्यांचं तर मला जास्त लागतं. त्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेसला जावं लागतं, म्हणजे चाचणी होते, निकाल लागतो. आता स्वयंचलित केंद्रांत यंत्रावर ब्रेक तपासायचीही सोय झालीय. मग माझी भाची ज्या स्कूल व्हॅननं शाळेत जाते ती मागच्या वेळी पहिल्या फटक्यात पास झाली की ब्रेकमध्ये अडकली होती, हे तिच्या आईला का दिसू नये? बाजाराच्या दिवशी माणसं दाटीवाटीनं वडापच्या जीपमध्ये बसतात, त्या जीपच्या स्टिअरिंगबद्दल कुणी काय लिहिलं होतं, हे बसणाऱ्याला का वाचता येऊ नये? मालकाचं नाव नको, पत्ता नको. नंबर टाकला की मागच्या चाचण्या, निकाल आणि कारणं. बाबा म्हणतात, एसटीत हे रजिस्टर कायम होतं, आम्ही मेकॅनिक ते वाचायचो, पॅसेंजरनं वाचायची पद्धत नव्हती. पद्धत पाडता येते.

भावाला मी सांगितलं, बाबांना घेऊन जा आणि गाडी खड्ड्यावर चढवून खालून बघा. बाबा गुडघा धरून खड्ड्यात उतरले. ती गाडी घेतली नाही. दुसरी घेतली.

माझ्या गाडीसाठी बाबांना खड्ड्यात उतरावं लागत नाही. हे पान भारतातूनही उघडतं. त्यांनी नंबर पाठ करून ठेवलाय आणि एक दोनशे पानी वही केलीय. डावीकडे इंग्रजी शेरा मराठी अक्षरांत, उजवीकडे आपल्याकडचा शब्द: नीअरसाइड, क्लीनर साइड. ऑफसाइड, ड्रायव्हर साइड. गेल्या नोव्हेंबरात चाचणी झाली तेव्हा मी गॅरेजातल्या काचेमागच्या खोलीत बसले होते. गाडी पास झाली, मला सर्टिफिकेट मिळालं, मी ते पर्समध्ये टाकून ड्यूटीवर गेले. ब्रेकमध्ये फोन बघितला तर बाबांचे तीन मिस्ड कॉल.

“अगं, मागच्या ड्रायव्हर साइडचा टायर लिमिटजवळ आलाय म्हणून लिहिलंय. तिथलं लिमिट किती?”

“१.६ मिलीमीटर, बाबा.”

“मग बर्फ पडायच्या आत बदल. आणि दोन्ही बदल, एकच नको. पावतीचा फोटो पाठव, वहीत लिहायचंय.”